एकतीस नंबरची चकती

पंखा बंद.
मे महिना, पवई, तळघर, आणि पंखा बंद,
कारण भुकटीला वारा चालत नाही.
बावतीस कोलासो चाळण हलवतात
श्वास आखडून.
खाली साचतं तांबं,
चिंचेने नुकत्याच घासलेल्या तांब्याच्या रंगाचं,
पण कशालाच न चिकटणारं,
प्रत्येक कण आपापल्या घरी.

पन्नास ग्रॅम नरसाळ्यात. बोट काढायचं, घड्याळ दाबायचं.
किती सेकंदांत वाहून गेली, ते आधी लिहायचं.
मग साच्यात ओतून कडेला हलक्या टिचक्या,
मापटं भरताना प्रामाणिक वाणी मारतो तशा.
मग दाब.

बाहेर येते ती चकती कच्ची,
भिडेखातर एकत्र राहिलेली.
नख लावलं तर कोपरा सुटतो.
ती बशीवरून भट्टीकडे नेताना
कोलासो कुणाशी बोलत नाहीत.

भट्टीत हायड्रोजन. नऊशे तीस अंश.
वितळायला अजून दीडशे अंश बाकी असतात
आणि ते बाकीच ठेवायचे असतात.
कणाला कण टेकतो, टेकल्या जागी
बारीकशी मान तयार होते.
पुस्तकात तिला मानच म्हणतात.
हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा
पुढचं पान उलटायला मला वेळ लागला होता.

तीन वर्षं मी भोकांशी भांडत होते.
घनता पंच्याण्णव टक्के, मग शहाण्णव, मग सत्त्याण्णव.
रांगणेकर मॅडम म्हणायच्या,
छिद्र म्हणजे आपला आळस.

तोफेची नळी सहा मीटर.
तिच्यातून सुटलेली तबकडी सेकंदाला पाचशे मीटर जाते.
या वेगाने मरोळहून इथे दहा सेकंद.
कोलासोंना सकाळी पन्नास मिनिटं लागतात,
साकीनाक्याचा सिग्नल बंद असेल तर विचारू नका.

आदळणं आम्ही कधी पाहत नाही.
दारावर लाल दिवा, भिंतीतून एक ठोसा,
टेबलावरच्या बाटलीतलं पाणी थरथरतं,
तोवर संपलेलं असतं.
माझी सगळी मेहनत
पाठीचा पापुद्रा सुटून
चिंध्यांच्या पेटीत पडलेली.
सत्तावीस. अठ्ठावीस. एकोणतीस. तीस.
जितकी भरीव तितकी फाटलेली.

एकतीस नंबर चिंध्यांतून निघाली
ती आख्खी.
जरा बसकी झालेली, समोरून चेपलेली,
पण आख्खी.
कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरली.
धक्का आत शिरला होता
आणि वाटेतली एकेक पोकळी मिटवत मिटवत
पाठीशी पोचेस्तोवर
त्याच्यात काही उरलं नव्हतं.

मी नोंदवही काढली.
दाब: चारशेच्या जागी दोनशे साठ.
पुढे कोलासोंचं गोल अक्षर:
'हात थरथरला. पंप लवकर सुटला.
चकती टाकली नाही. ताईंना विचारणे.'
शेजारी तारीख, मार्चमधली.
विचारलं असणार त्यांनी.
मी पडद्यावरची नजर न काढता
हो म्हटलं असणार.

ते बेसिनपाशी होते. नखांच्या कडेचं तांबं
साबणाने निघत नाही, तरी घासत होते.
जूनअखेर निवृत्ती.
म्हटलं, कोलासो, अशी आणखी एक होईल?
त्यांनी उजवा हात नळाखालून काढला,
उजेडात धरला, आधी पालथा मग उताणा,
साचा तपासतात तसा.
"दोनशे साठ लावीन हो, त्यात काय.
पण त्या दिवशी सोडला कसा,
ते याला विचारायला लागेल."

मग टॉवेलला हात पुसले.
आज चाळण नाही, म्हणाले,
आणि पंखा लावला.